सौर यंत्रांवरील कर-क्रेडिट आयआरएसने नाकारले : लढावे की भरून टाकावे?

प्रश्न (ओहायोवासी) :
नमस्कार. सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी २०२२ मध्ये एका कंपनीची पाच सौर यंत्रे घेतली. थोडी रक्कम आगाऊ भरायची, बाकीची यंत्रांचे उत्पन्न सुरू झाल्यावर द्यायची आणि कर-क्रेडिट (भरायच्या करातून थेट वजा होणारी सूट) मात्र पूर्ण किमतीवर ३० टक्के घ्यायचे, अशी योजना होती. विवरणपत्रही कंपनीनेच सुचवलेल्या सल्लागाराने भरले. आता आयआरएसने (अमेरिकेच्या करखात्याने) क्रेडिट नाकारून कर, व्याज आणि २० टक्के दंड मागितला आहे. टॅक्स कोर्टात जाण्यासाठी ९० दिवस आहेत. माझ्याजवळ सोनेरी किनारीचे मालकी प्रमाणपत्र आहे, पण त्यावर यंत्रांचे क्रमांक नाहीत. काय करावे?

नाशिककर_डॅलस :
युटामधील रापॉवर-३ या सौर योजना विकणाऱ्या कंपनीचा खटला अवश्य वाचा. तेथे सौर भिंग ३,५०० डॉलरला विकत. खरेदीदाराने आधी १०५ आणि करलाभ मिळाल्यावर ९४५ असे एकूण १,०५० डॉलर भरायचे, आणि ३० टक्के क्रेडिटही नेमके तेवढेच होई. डेल्टा गावाजवळ मनोरे उभे राहिले, पण विकण्याजोगी वीज कधीच निघाली नाही. २०१८ मध्ये संघीय न्यायालयाने योजना बंद पाडून प्रवर्तकांकडून सुमारे ५ कोटी डॉलर वसूल करण्याचा आदेश दिला आणि २०२० मध्ये अपिलातही तो टिकला. म्हणून आधी हे तपासा, की तुमची यंत्रे कोठे बसवली आहेत आणि त्यांची वीज कोणी विकत घेतली. यंत्र प्रत्यक्ष वापरात आल्याशिवाय हे क्रेडिट मिळतच नाही.

मेधा_सीपीए :
कृपया मुदत चुकवू नका. आयआरएसशी फोनवर बोलणे चालू असले तरी ९० दिवस वाढत नाहीत. याचिकेचे शुल्क ६० डॉलर आहे आणि वादाची रक्कम वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत असल्यास सोपी कार्यपद्धती निवडता येते. सल्लागारावर विसंबून चूक झाली, हा बचाव दंडापुरता मांडता येतो, पण तो सल्लागार कंपनीशी बांधलेला असल्यामुळे मला त्यावर फारसा भरवसा वाटत नाही. व्याज रोज वाढते आहे, तेव्हा शक्य तेवढी रक्कम आताच जमा करून ठेवा.

ओहायोवासी :
मेधाताई, मनापासून आभार. मी कंपनीकडे यंत्रांचे क्रमांक आणि ठिकाण मागितले, तर त्याच प्रमाणपत्राची नवी प्रत आली. क्रेडिटचा हट्ट सोडून केवळ दंडाविरुद्ध याच आठवड्यात याचिका दाखल करतो, आणि या वेळी सल्लागार मीच शोधणार आहे.