मंदिरपट्टीचं नाणं: सराफ नेमकं काय बदलून देत होते?

रंकाळा_काठ:
येशूने यरुशलेमच्या मंदिरात सराफांचे चौरंग पालथे केले, त्याचं एकच कारण सगळीकडे वाचायला मिळतं. रोमन नाण्यावर कैसराचं तोंड, ते मंदिरात चालत नव्हतं, म्हणून सराफ बिनचित्राचं नाणं देत. मग ते बिनचित्राचं नाणं कुणी पाडलं? कोल्हापुरातल्या अभ्यासवर्गासाठी तक्ता करतोय, नाण्याचं वजन आणि बट्ट्याचे (नाणं बदलून देण्याच्या शुल्काचे) आकडेही हवेत.

टंच_हुपरी:
हे कारण तक्त्यात घालू नका, चुकीचं आहे. मंदिरपट्टी म्हणजे यहुदी पुरुषाने दरवर्षी मंदिराला द्यायचा अर्धा शेकेल कर. ती भरली जायची सोर (तायर) शहराच्या चांदीच्या शेकेलने. त्याच्या एका बाजूला मेलकार्त देवाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला गरुड! मूर्ती निषिद्ध मानणाऱ्यांनी तरीही ते घेतलं, कारण 'अर्धा शेकेल' हे मुळात चांदीचं माप. चांदीकामाच्या हुपरीत कुणालाही विचारा, शिक्क्याआधी टंच (शुद्धता) बघतात. सोरच्या शेकेलचं वजन सुमारे 14 ग्रॅम, अर्ध्याचं 7, टंच 90 टक्क्यांच्या वर. अँटिओक शहराचं चार द्राख्माचं नाणं (द्राख्मा हे ग्रीक चलन, चार म्हणजे एक शेकेल) दिसायला तेवढंच, पण त्यात भेसळ जास्त. यहुद्यांचं स्वतःचं चांदीचं नाणं तेव्हा नव्हतंच. हस्मोनी या यहुदी घराण्याच्या राजांनी आणि हेरोदाने फक्त तांब्याकाशाची नाणी पाडली.

माणसाचं वा प्राण्याचं चित्र नसलेला यरुशलेमचा शेकेल आहे, पेला आणि तीन डाळिंबांचा. पण तो रोमविरुद्धच्या इ.स. 66च्या बंडातला, म्हणजे येशूनंतर तीसेक वर्षांनी. गोंधळ बहुधा इथेच होतो.

गुजरी_कट्टा:
बट्ट्याचं सांगतो. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथाप्रमाणे अदार या यहुदी महिन्याच्या 15 तारखेला गावोगाव चौरंग मांडत, 25 तारखेपासून मंदिरात. अर्ध्या शेकेलवर वर जे द्यायचं ते 'कोल्बोन'. रब्बी मेईर म्हणतात एक मा'आ, इतर रब्बी म्हणतात अर्धा. अर्धा शेकेल म्हणजे 2 दीनार, एका दीनारचे 6 मा'आ. म्हणजे बट्टा बाराव्या किंवा चोविसाव्या हिश्श्याचा. जुना दागिना मोडीत घालताना घट धरतात, त्याच जातीचा प्रकार. पूर्ण शेकेल देऊन अर्धा परत घेतला तर दोन कोल्बोन पडत, म्हणून दोघांनी मिळून एक शेकेल भरणं सोयीचं. मत्तय 17 मध्ये माशाच्या तोंडात सापडलेलं नाणं आठवा: ते एकच स्तातेर, म्हणजे एक पूर्ण शेकेल, येशू आणि पेत्र दोघांच्या पट्टीला पुरतं. हिशेब अगदी चोख बसतो.

रंकाळा_काठ:
आभार, तक्ता बदलतो. आणि इ.स. 70 मध्ये मंदिर पडल्यावर पट्टी बंद झाली?

टंच_हुपरी:
नाही, आणि हा भाग फार क्लेशदायक आहे. रोमन सम्राट वेस्पासियनने तेवढीच रक्कम, 2 द्राख्मा, रोममधल्या ज्युपिटर कॅपिटोलिनस या देवाच्या नावे वळवली. आधी 20 वर्षांवरचे पुरुषच भरत. आता बायकामुलंही आली. इजिप्तमध्ये एडफूला खापरांवर लिहिलेल्या पावत्या मिळाल्यात, त्यांत मुलांचाही कर आहे. पुढे सम्राट डोमिशियनच्या काळात वसुली कडक झाली. माणूस यहुदी आहे का हे ठरवायला, सुंता तपासण्यासाठी नव्वदीच्या म्हाताऱ्याला भर कचेरीत उघडं केलेलं रोमन लेखक सुएटोनियसने तरुणपणी पाहिलं होतं.

इ.स. 96 मध्ये सम्राट नर्व्हाने या करातले खोटे आळ बंद केल्याचं नाणंच काढलं, त्यावर खजुराचं झाड आहे. कर मात्र चालूच राहिला. यहुदी कोण, ख्रिस्ती कोण, ही विभागणी सरकारी वहीत उतरायला हा करही कारण झाला असं मला वाटतं. तक्त्यात शेवटचं चित्र या नाण्याचं घ्या.