बर्फ वितळताना तापमान वाढत नाही, मग दिलेली उष्णता जाते कोठे?

प्रश्न
बर्फ आणि पाणी यांचे मिश्रण ढवळत तापवले, तर शेवटचा खडा वितळेपर्यंत तापमापी 0 अंश सेल्सिअसच दाखवते. ही उष्णता ‘अप्रकट’ असते, असे पाठ्यपुस्तक सांगते. परंतु ती कोणत्या रूपात राहते? शिवाय 1 ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे 334 ज्यूल लागतात, तर 100 अंशांवरील तेवढ्याच पाण्याची वाफ होण्यास सुमारे 2,260 ज्यूल. एवढी तफावत कशामुळे?

उत्तर 1
तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे, एकूण ऊर्जेचे नव्हे. बर्फात प्रत्येक रेणू हायड्रोजन बंधांनी चार शेजाऱ्यांशी जखडलेला असतो. ही रचना मोडण्यात खर्ची पडणारी ऊर्जा मुख्यतः स्थितिज ऊर्जेच्या रूपात साठते आणि पाणी गोठताना तेवढीच बाहेर पडते. द्रव पाण्यात यांपैकी बहुतेक बंध, सतत तुटत आणि जुळत का होईना, टिकून असतात; वाफ होताना मात्र रेणू एकमेकांपासून जवळजवळ पूर्णपणे सुटतात. तफावतीचे खरे कारण हेच. आकारमान 1,600 पटींहून अधिक वाढत असल्याने बाहेरच्या हवेला मागे सारण्याचे कार्यही घडते, पण त्याचा वाटा जेमतेम 170 ज्यूल आहे.

उत्तर 2
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र 334 ज्यूल ही रक्कमही किरकोळ समजू नये. 0 अंशावरील 1 किलो बर्फात 80 अंशांचे 1 किलो पाणी ओतले आणि भांड्याची उष्णता सोडून दिली, तर हाती येते ते जवळजवळ 0 अंशाचेच 2 किलो पाणी. अनेक जण येथे बेधडक 40 अंश असे उत्तर देतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग पाणी 0 अंशाखालीही द्रव राहू शकते, ते कसे?

उत्तर 3
0 अंश हे, सामान्य वातावरणीय दाबाखाली, बर्फ आणि शुद्ध पाणी एकत्र समतोलात असतानाचे तापमान आहे. बर्फाचा पहिला स्फटिकच तयार झाला नाही, तर शुद्ध पाणी उणे 10 अंशांपर्यंतही द्रव राहू शकते. अशा अतिशीत पाण्यात स्फटिक टाकताच ते गोठू लागते आणि, गंमत म्हणजे, त्याचे तापमान चढून 0 अंशावर येते, कारण गोठणारा भाग आपली अप्रकट उष्मा उरलेल्या पाण्याला देतो. प्रतिग्रॅम प्रतिअंश 4.18 ज्यूल धरल्यास 10 अंशांसाठी सुमारे 42 ज्यूल लागतात. म्हणून त्या क्षणी साधारण एक अष्टमांश पाणीच गोठते आणि बाकीचे गोठवण्यासाठी उष्णता बाहेर काढत राहावे लागते.