चांद्र अंतरावरून काढलेला रेखांश ४३ कलांनी चुकला. दोष पद्धतीचा की आमचा?

प्रश्न: शिक्षक, हिंगणघाट तालुका

नमस्कार. जहाजावर भरवशाचे घड्याळ नसताना नाविक चंद्र आणि एखादा तारा यांमधील कोन मोजून रेखांश काढत असत. ती पद्धत आम्ही नववीच्या सात विद्यार्थ्यांसह चैत्र शुक्ल सप्तमीच्या संध्याकाळी, पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या एका वावरात करून पाहिली. सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजण्याचे नाविकांचे उपकरण, एका नातेवाइकांकडून आणला होता. चंद्राची उजळ कड आणि पूर्वेकडील मघेचा ठळक तारा यांमधील कोन चार वेळा मोजून सरासरी घेतली. समुद्राचे क्षितिज इथे कुठून येणार, म्हणून उंची मोजण्यासाठी परातीत ट्रॅक्टरचे जळालेले तेल ओतून त्यातले प्रतिबिंब वापरले. लंबन (पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्याने चंद्राच्या जागेत दिसणारा फरक) आणि अपवर्तन (हवेमुळे प्रकाशाचे वाकणे) यांची दुरुस्ती करून नाविक पंचांगातील स्थानांवरून ग्रिनिचची वेळ काढली आणि ती स्थानिक वेळेशी ताडून पाहिली, तेव्हा आमचा रेखांश ७८ अंश ७ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पूर्व आला. खरा रेखांश ७८ अंश ५० कला आहे. म्हणजे गणिताने आम्हाला थेट यवतमाळच्या रेखांशावर नेऊन बसवले आणि मुले हिरमुसली. या पद्धतीची अचूकता मुळात एवढीच आहे, की चूक आमच्या हातून झाली?

उत्तर १: व्यापारी जहाजावरील निवृत्त अधिकारी, आर्वी

सर, आधी एवढे सांगतो की पहिल्याच प्रयत्नात ४३ कलांपर्यंत पोहोचणे हे मुलांनी हिरमुसावे असे मुळीच नाही. आपले जुने लोक म्हणतात की चंद्र रोज एक नक्षत्र ओलांडतो, आणि या पद्धतीचे सगळे बळ व सगळी दुर्बलता त्याच वाक्यात आहे. दिवसाला सुमारे १३ अंश, म्हणजे तासाला जेमतेम अर्धा अंश सरकणारा हा आकाशातील काटा आहे. त्यामुळे कोन मोजताना एका कलेची चूक झाली तर वेळेत जवळजवळ दोन मिनिटांची चूक होते, आणि पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरत असल्याने रेखांश सुमारे अर्ध्या अंशाने सरकतो. तुमच्या ४३ कलांचा अर्थ एवढाच की मोजलेला कोन साधारण दीड कलेने चुकला. चंद्राचे बिंब ३० कलांच्या आसपास असते. त्याचा विसावा भाग म्हणजे ही चूक.

लंबनाची दुरुस्ती मुळातच चुकली असती तर तुम्ही यवतमाळला थांबला नसता, कारण चंद्राचे क्षितिजावरील लंबन ५४ ते ६१ कला असते. तेव्हा शोध लहान दोषाचा घ्यावा. चूक पश्चिमेकडे झाली आहे, म्हणजे ग्रिनिचची वेळ खऱ्यापेक्षा पुढची आली. चंद्र पूर्वेकडील ताऱ्याकडे सरकत असल्याने याचा अर्थ कोन खऱ्यापेक्षा कमी धरला गेला. माझा पहिला संशय सेक्स्टंटच्या शून्यदोषावर आहे, म्हणजे कोन शून्य असतानाही उपकरण जे थोडेसे वाचन दाखवते त्यावर. तो किती होता आणि कोणत्या दिशेने लावला, हे कृपया कळवावे.

उत्तर २: गणिताच्या प्राध्यापिका, यवतमाळ

आमच्या रेखांशावर आपले स्वागत आहे. अचूकतेच्या अपेक्षेबद्दल थोडे लिहिते. ब्रिटिश संसदेने १७१४ साली रेखांशासाठी बक्षिसे जाहीर केली, तेव्हा २०,००० पौंडांच्या सर्वांत मोठ्या बक्षिसासाठी अर्ध्या अंशाची मर्यादा ठेवली होती. नागपूर आणि वर्धा यांच्या रेखांशांत जवळपास तेवढाच फरक आहे. जर्मन खगोलज्ञ टोबियास मायरच्या चांद्र सारण्या (चंद्राच्या स्थानांची कोष्टके) हाती आल्यावर इंग्रज खगोलज्ञ नेव्हिल मास्केलिनने १७६१ च्या सेंट हेलेना सफरीत ही पद्धत वापरून पाहिली आणि १७६७ सालापासूनच्या नाविक पंचांगात दर तीन तासांची तयार अंतरे दिली. ती अंतरे १९०६ सालापर्यंत छापली जात होती. सुरुवातीच्या त्या सारण्यांतच एका कलेपर्यंतची चूक असू शकत होती, त्यामुळे निरीक्षक कितीही निष्णात असला तरी अर्ध्या अंशाचा धोका उरत असे. आज चंद्राचे स्थान आपल्याला कितीतरी नेमके मिळते, म्हणून उरते ती उपकरणाची आणि डोळ्याची चूक.

अपवर्तनाची कोष्टके साधारण १० अंश सेल्सिअस तापमानासाठी असतात. चैत्रात आपल्याकडे रात्री आठलाही हवा ३५ अंशांच्या घरात असते आणि अपवर्तन सुमारे आठ टक्क्यांनी कमी भरते. तारा उंच असेल तर हा फरक नगण्य आहे, पण १५ अंशांवर आलेला तारा घेतला तर तोही जाणवू लागतो.

पुनरुत्तर: शिक्षक, हिंगणघाट तालुका

दोघांचेही आभार. वही तपासली. शून्यदोष ०.७ कला होता, तोही शून्याच्या बाहेरच्या बाजूस, म्हणजे तो मिळवायला हवा होता. आम्ही तो वजा केला होता, त्यामुळे कोन १.४ कलेने कमी धरला गेला. दुरुस्त करून रेखांश ७८ अंश ४५ कला आला. ही चूक नेमकी पकडणारी विद्यार्थिनी आता वर्गात कोणाचे ऐकत नाही. भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणाऱ्या आणि हिंगणघाटला १८२३ साली वारलेल्या विल्यम लँबटनची कबर आम्ही मुलांना दाखवली आहे. तिथे एका मुलाने विचारले होते की त्यांनी साखळ्या आणि त्रिकोणांचा एवढा खटाटोप कशाला केला. आता त्याचे उत्तर त्याला आपोआप मिळाले असावे.

उत्तर १: व्यापारी जहाजावरील निवृत्त अधिकारी, आर्वी

फार छान. मात्र पाच कलांवर फार विसंबू नका, त्यात नशिबाचाही वाटा आहे, कारण सरावलेल्या हाताचीही ०.२ कलेची चूक सहज होते आणि तेवढ्यानेच रेखांश सहा कलांनी हलतो. पुढच्या शुक्ल पक्षात पूर्वेकडील ताऱ्याबरोबर पश्चिमेकडील रोहिणीचे, किंवा दुपारनंतर काळी काच लावून सूर्याचे अंतरही मोजा. उपकरणाचा कायम दोष एका बाजूने रेखांश पश्चिमेला ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने पूर्वेला, त्यामुळे दोन्ही उत्तरांच्या सरासरीत तो बराचसा निघून जातो. शून्यदोष मोजणीच्या आधी आणि नंतर असा दोनदा पाहावा. रोहिणी मावळतीला फार उतरण्याआधीच तिचे माप घ्या, आणि हे सगळे मृगाचे ढग येण्यापूर्वी उरकलेले बरे.