वजनकाटा थांबला आहे, पण कपडे सैल होत आहेत: कोणते माप धरून चालावे?

ऋतुगंधा (धागाकर्ती):
नमस्कार. आहारात बदल करून आणि नियमित चालून वर्षभरात माझे वजन ८४ किलोवरून ७१ किलोवर आले आहे. उंची १६० सेंटीमीटर आहे. काही आठवड्यांपूर्वी वजने उचलण्याचा व्यायाम सुरू केला आणि तेव्हापासून काटा ७१ च्या आसपासच घुटमळतो आहे. गंमत अशी की याच काळात दोन पँटी कमरेत इतक्या सैल झाल्या की पट्ट्याला नवीन भोक पाडावे लागले. नवीन कपडे घ्यायला गेले तर एका कंपनीचा ‘एम’ व्यवस्थित बसतो आणि दुसऱ्या कंपनीचा ‘एक्सएल’सुद्धा खांद्यात आवळतो. बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती असावे याचा, तक्ता पाहून मी ६० किलोचे ध्येय ठरवले होते, पण भेटणारी माणसे आताच म्हणू लागली आहेत की चेहरा उतरला, आता पुरे कर. काटा, कपडे आणि लोक असे तिघे तीन गोष्टी सांगत असताना नेमके कशावर विसंबावे, आणि सैल झालेले कपडे आत्ता आल्टर करून घ्यावेत की थांबावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

मितभाषी:
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे हा प्रश्न नेहमी कानावर येतो. वजनकाटा चरबी मोजत नाही. हाडे, स्नायू, रक्त, आतड्यांतील अन्न आणि पाणी यांची एकत्रित बेरीज तो दाखवतो, आणि या बेरजेतला सर्वांत चंचल आकडा पाण्याचा असतो. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण अर्धा किलोपर्यंत ग्लायकोजेन (शरीराने साठवून ठेवलेली साखर) साठू शकते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे झपाट्याने वजन उतरते, त्यात मोठा वाटा याच पाण्याचा असतो. उलट, नव्याने वजने उचलू लागलेल्या माणसाच्या स्नायूंत दुरुस्तीचे काम चालू असल्यामुळे पाणी साचते आणि ग्लायकोजेनचा साठाही वाढतो. म्हणजे दीड किलो चरबी गेली आणि दीड किलो पाणी आले, तर काटा जागचा हलत नाही, पण कमरेवरची चरबी मात्र खरोखर गेलेली असते. तुमच्या बाबतीत हेच घडत असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते.

इथे कोणीतरी लगेच लिहील की चरबीची जागा स्नायूंनी घेतली, म्हणून आधीच सांगतो. चरबीची घनता लिटरला साधारण ०.९ किलो आणि स्नायूंची साधारण १.०६ किलो असते, त्यामुळे ३ किलो चरबीला सुमारे ३.३ लिटर जागा लागते आणि तेवढ्याच वजनाच्या स्नायूंना सुमारे २.८ लिटर. फरक आहे, पण समाजमाध्यमांवरच्या चित्रांत चरबीचा डोंगर आणि शेजारी स्नायूचा इवलासा तुकडा दाखवतात, तेवढा नक्कीच नाही. शिवाय खाणे कमी ठेवलेले असताना काही आठवड्यांत तीन किलो स्नायू सहसा कोणाच्याच अंगावर चढत नाहीत. स्नायू वाढण्यापेक्षा आहेत ते टिकणे हा या व्यायामाचा मोठा फायदा आहे, कारण नुसते खाणे कमी करून उतरवलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. त्यासाठी वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने रोज पोटात जात आहेत ना, एवढे पाहावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

वाटसरू:
काटा माळ्यावर टाकून द्यावा आणि आरसा पाहावा. माझे तरी त्यात उत्तम चालले आहे.

मितभाषी:
वाटसरू, ज्यांना रोजचा आकडा पाहून दिवसभर अस्वस्थ वाटते, किंवा ज्यांना खाण्यासंबंधीचा मानसिक आजार पूर्वी होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी तुमचा सल्ला योग्य आहे. इतरांनी मात्र काटा ठेवावा आणि एकेका दिवसाचा आकडा सोडून द्यावा. दिवसागणिक एक-दोन किलोंचा चढउतार अगदी सामान्य आहे. खारट जेवण, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, काहीही त्याला पुरेसे ठरते. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी, टणक फरशीवर काटा ठेवून वजन करावे आणि सात दिवसांची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. पाळी येत असलेल्या स्त्रियांनी तर महिन्यातील त्याच टप्प्याची तुलना मागच्या महिन्यातील त्याच टप्प्याशी करावी, नाहीतर पाळीपूर्वीचे पाणी उगाच निराश करते.

निरंजन:
माझी गोष्ट तुमच्या उलट आहे. वजन ठरवलेल्या आकड्यावर आले, पण पँटचा नंबर तोच राहिला आणि मी बरेच दिवस चिडचिड करत होतो. मग लक्षात आले की पोट मोठे असताना मी पँट पोटाच्या खाली नेसत होतो आणि पोट कमी झाल्यावर ती आपोआप वर, खऱ्या कमरेवर येऊन बसली होती. दोन वेगळ्या जागांच्या घेरांची तुलना मी एकाच नंबराने करत होतो.

तेव्हापासून मी टेपच वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी आहे की शेवटची बरगडी आणि कुशीतले कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप धरावा, तो जमिनीला समांतर असावा, त्वचेत रुतू नये, आणि सहज श्वास सोडल्यावर माप घ्यावे. पोट आत ओढण्याचा मोह सर्वांनाच होतो, तो आवरावा. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात, बीएमआय ३५ पेक्षा कमी असलेल्या प्रौढांनी कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवावा असे म्हटले आहे. तुमच्या उंचीला ती मर्यादा ८० सेंटीमीटर येते. बीएमआयचे सूत्र १८३० च्या दशकात क्वेटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने लोकसमूहांचा अभ्यास करताना मांडले होते आणि त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी दिले. एका माणसाची चरबी पोटात आहे की मांड्यांवर, हे त्या सूत्राला कळतच नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीने पोटातली चरबी अधिक त्रासदायक असते. म्हणून ६० हा आकडा दगडावरची रेघ समजू नका.

सुईदोरा:
ऋतुगंधाताई, मी कपडे शिवते आणि आल्टरही करते, त्यामुळे मापांबद्दल लिहिते. लेबलवरचा नंबर हे माप नव्हेच. अमेरिकेत १९३९–४० च्या सुमारास सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेण्यात आली, त्या आधारावर १९५८ मध्ये सरकारी प्रमाण तयार झाले, १९७० मध्ये ते सुधारले गेले आणि १९८३ मध्ये मागेच घेतले गेले. आजही प्रत्येक कंपनी आपल्या डोळ्यासमोरच्या गिऱ्हाइकाच्या बांध्यावर स्वतःचा तक्ता बेतते, आणि गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून मोठ्या घेरावर लहान नंबर लावण्याची चालही जुनीच आहे. ३४ लिहिलेल्या पँटच्या पट्टीवर टेप लावला तर ३६ इंच भरल्याचे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. कमरेत एम आणि खांद्यात एक्सएल होण्याचे कारणही साधे आहे: वजन घटले की कंबर, सीट, दंड उतरतात, पण खांद्याची रुंदी हाडांची असते आणि ती फारशी बदलत नाही.

कपड्यावरून प्रगती पाहायची असेल तर एकच कपडा ठरवून घ्या, आणि त्यात इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, नको. ताणणारी जीन्स धुतल्यावर आवळते आणि संध्याकाळपर्यंत सैल होते, तिच्यावर काय भरवसा ठेवणार? न ताणणाऱ्या कापडाची, पक्क्या पट्टीची पँट महिन्यातून एकदा घालून पाहावी. आणखी एक निरीक्षण सांगते. कापडाचा तागा भरलेला असताना दोन मीटर काढले तरी तो तेवढाच जाड दिसतो, पण संपत आलेल्या ताग्यातून दोन मीटर गेले की लगेच डोळ्यांत भरते. शरीराचेही तसेच आहे, म्हणून पहिले पाच किलो कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि शेवटच्या दोन किलोंत कपड्याचा नंबर बदलतो.

आभा:
लोकांच्या बोलण्याबद्दल थोडे लिहिते. चेहऱ्यावरची चरबी कमी झाली की गाल बसतात आणि माणूस दमलेला दिसतो. पाहणाऱ्याच्या मनात जुना चेहरा असतो, त्यामुळे त्याला तो आजार वाटतो. वजन काही महिने स्थिर राहिले की दोघांनाही सवय होते. पोटाची किंवा दंडांची सैल त्वचा हा निराळा विषय आहे: ती किती आकसेल हे वय, अनुवंश, धूम्रपान आणि किती वर्षे ताणलेली होती यावर ठरते. तिला चरबी समजून आणखी खाणे कमी करणे हा उपाय नाही. आरशावरही मी फार विसंबत नाही, कारण रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही. महिन्यातून एकदा त्याच खोलीत, त्याच उजेडात, त्याच कपड्यांत समोरून आणि बाजूने छायाचित्र काढावे.

मात्र काहीही प्रयत्न न करता कपडे सैल होऊ लागले आणि सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक उतरले, तर कौतुक करून न घेता डॉक्टरांकडे जावे. अंगठी रुतते आहे, पायावर मोज्यांचे वळ उमटतात आणि वजन झपाट्याने वाढते आहे, असे असले तरीही जावे.

ऋतुगंधा (धागाकर्ती):
सर्वांचे मनापासून आभार. निरंजन यांनी सांगितल्याप्रमाणे माप घेतले; घेर ८६ सेंटीमीटर आला, म्हणजे वाट अजून शिल्लक आहे. चरबीची टक्केवारी दाखवणारा काटा घ्यावा का? आणि सुईदोराताई, पुढच्या महिन्यात मला एका मुलाखतीसाठी जॅकेट आणि पँट लागणार आहे, ते आत्ताच्या मापाने शिवावे का?

मितभाषी:
तो काटा तळपायांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडतो आणि शरीरातील पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतो. व्यायामानंतर, आंघोळीनंतर किंवा कमी पाणी प्यायल्यावर आकडा बदलतो. असला तर वापरा, मुद्दाम घेऊ नका. साप्ताहिक सरासरी आणि महिन्यातून दोनदा कमरेचे माप एवढे पुरे. घेर उतरत असेपर्यंत आहारात काही बदलू नये. दोन्ही आकडे सहा-आठ आठवडे जागचे हलले नाहीत, तरच फेरविचार करावा.

सुईदोरा:
आत्ताच्याच मापाने शिवा, उद्या बारीक होणार म्हणून आवळ शिवू नका. जॅकेट खांद्यात आणि छातीत बरोबर बसले पाहिजे, कारण खांदा उसवून पुन्हा बसवणे खर्चिक असते आणि बरेचदा बिघडते. कमरेच्या बाजूच्या शिवणी मात्र नंतर सहज आत घेता येतात. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीतून दीड-दोन इंचांपर्यंत कमी करता येते, त्यापुढे गेले की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. जुन्या पँटीही याच हिशेबाने आणा: दोन इंचांच्या आत असतील तर कापड न कापता नुसती टीप मारून घ्या, म्हणजे लागल्यास उसवता येईल, आणि त्याहून सैल असतील तर त्यांच्यावर पैसे घालू नका.