मेंदू-जतन संशोधनासाठी 'वचन-निधी': अटी कशा लिहाव्यात?

प्रश्न: पैसे आधी न घेता फक्त वचनं गोळा करायची आहेत. दात्यांना नेमकं काय लिहून द्यावं?

उत्तर १: ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेचं मेंदूची रचना जपून दाखवण्यासाठीचं बक्षीस बघा. २०१६ मध्ये सशाचा मेंदू जपल्याबद्दल २६,७३५ डॉलर, २०१८ मध्ये डुकराचा मेंदू जपल्याबद्दल ८०,००० डॉलर. दोन्ही ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी मेडिसिन या कंपनीच्या चमूला. 'मेंदू नीट टिकला' ही अट कुचकामी, तिथूनच भांडणं सुरू होतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमधले जोड सलग दिसले पाहिजेत, नमुने परीक्षक निवडणार, असं लिहा. रक्कम, मुदत आणि मुदत उलटल्यास वचन रद्द, हेही.

उत्तर २: बक्षिसाचे पैसे काम फत्ते झाल्यावरच मिळतात, रसायनांचा खर्च आधीच होतो. म्हणून थोडा निधी रोख ठेवा. बक्षीस मिळवणाऱ्या त्या पद्धतीत आधी ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने ऊती पक्क्या करतात, मग बर्फ होऊ न देणारं इथिलीन ग्लायकॉल हळूहळू ६५ टक्क्यांपर्यंत चढवून मेंदू उणे १३५ अंश सेल्सिअसवर ठेवतात. घाई केली की पाणी बाहेर खेचलं जाऊन मेंदू आकसतो. आणि हो, ग्लुटाराल्डिहाइड ऊती मारतंच. ही रचना जपणं आहे, पुन्हा जिवंत करणं नव्हे. दात्यांना हे पहिल्याच ओळीत सांगा, नाहीतर नंतर वचनं गळतात.

उत्तर ३: भारतातून परदेशी संस्थेला देणगी देणाऱ्यांनी ८०जी कलमाखाली करसवलत मिळेल असं धरू नये. उलट, परदेशातून इथल्या संस्थेला पैसे येणार असतील तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आधी, वचनं नंतर.