माचा आईस्क्रीमला म्हणे 'सीझन' असतो!

चहाटळ: शेजारच्या धाग्यावर एका विद्वानांनी ठोकून दिलंय, "माचाचा (जपानी हिरव्या चहाच्या पुडीचा) खरा सीझन मे. एरवी विकतात ते पर्यटकांना गंडवायला." गप्प बसवेना. तोडणी मेच्या आसपास होते, कबूल. पण कोवळा चहा बरणीत बंद करून उन्हाळाभर मुरवायचा आणि नोव्हेंबरात बरणी फोडायची, ही कुचिकिरीची रीत. चहा-समारंभवाल्यांचं नवं वर्षच तेव्हा. म्हणजे सीझन काढायचाच तर थंडीचा! शिवाय हागेन-दाझचं ग्रीन टी आईस्क्रीम जपानात १९९६ पासून बारमाही मिळतं. ते घेणारे सगळे काय पर्यटक?

निशिकासाईकर: कुचिकिरी चहाच्या वाटीसाठी, कोनबिनीतल्या (कोपऱ्यावरच्या दुकानातल्या) आईस्क्रीमच्या कपासाठी नव्हे. दुकानाबाहेर 'कोरी'चा, म्हणजे बर्फाचा, झेंडा लागला की लोक उजिकिंतोकी मागतात: किसलेला बर्फ, माचाचं सिरप, गोड अझुकी, म्हणजे लाल कडधान्य. तो उन्हाळाच.

खवय्या_डोंबिवली: बर्फावर गोड राजमा! क्योटोजवळच्या उजीला अर्धा तसाच टाकून उठलो.

चहाटळ: राजमा नाही हो, अझुकी चवळीच्या कुळातली.

ओसाकाची_आजी: पुरण चालतं आणि अन्को, म्हणजे अझुकीचं गोड सारण, चालत नाही? आमच्या सासूबाईंनी इथे येऊन अन्को भरूनच पोळ्या लाटल्या. जावयांनी मागून मागून खाल्ल्या.

खवय्या_डोंबिवली: पुरणात वेलची, जायफळ, वर तुपाची धार. अन्कोत साखर आणि चिमूटभर मीठ. जावई सासूबाईंसमोर दुसरं काय करणार?

ओसाकाची_आजी: आमच्या घरातल्या माणसांवर घसरू नका. अन्न टाकून उठणाऱ्याने तर नाहीच.

चहाटळ: धागा माचाचा आहे!!

चहा_शिकतेय: माचाचंच बोलते. दगडी जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम पडतो. २०२४ च्या शरदात क्योटोच्या जुन्या चहाच्या पेढ्यांनी माचाच्या विक्रीवर मर्यादा घातल्या. आमच्या क्लासला डबा मिळेना, आणि तुम्ही तो साखरेत कालवताय.

निशिकासाईकर: तुमच्या वाटीतला चहा आईस्क्रीमात कोण घालतंय? तिथे नंतरच्या तोडणीचा, कडवट, स्वस्त माल चालतो. दूध-साखरेपुढे तोच टिकतो.

चहा_शिकतेय: पण बागा आणि हात तेच ना? असो. रंग टिकावा म्हणून काही ठिकाणी क्लोरेला घालतात, तेही आवडीने खा.

निशिकासाईकर: मूळ मुद्दा: क्योटोत ३० जूनला मिनाझुकी नावाची मिठाई खातात. पांढरा त्रिकोण, वर अझुकी. आता माचाचाही मिळतो. याला म्हणतात सीझन.

चहाटळ: बरं, मिनाझुकीला तारीख आहे, दिली. पण मग सीझन अझुकीचा ठरला, माचा मागून घुसला. माझंच काम केलंत, आभारी आहे.

निशिकासाईकर: वकिली करता का हो?

खवय्या_डोंबिवली: बिनअझुकीचं कुठे मिळेल, तेवढं कुणी सांगेल का?

ओसाकाची_आजी: असाकुसात नानायाचं जेलातो. माचाच्या कडकपणाच्या सात पायऱ्या आहेत, सातवी घ्या. कडू लागली तर नवा धागा काढू नका.