‘आम्ही अमेरिकन’ : दिवाळी अंकाच्या नावावरून

प्रेषक: मेधा
विषय: दिवाळी अंकाचे नाव

सर्वांना नमस्कार,

यंदाच्या दिवाळी अंकाचे नाव ‘आम्ही अमेरिकन’ ठरले आहे आणि मुखपृष्ठावर पन्नास ताऱ्यांचा झेंडा येणार आहे, असे बैठकीच्या इतिवृत्तात वाचले. विषय मला आवडला. नावाबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

डॅलसला येण्याआधी आम्ही चार वर्षे मेक्सिकोत, मॉन्तेरेला होतो. पहिल्याच महिन्यात घरमालकीणबाईंशी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलताना ह्यांच्या साहेबांचा विषय निघाला. मी म्हणाले, ‘ते आमेरिकानो आहेत.’ बाई मक्याचे पीठ मळत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, ‘आणि आम्ही?’ त्या रागावल्या नव्हत्या. मग त्यांनीच मला शब्द दिला: एस्तादोउनिदेन्से, म्हणजे संयुक्त संस्थानांचा माणूस. तो नीट म्हणायला माझी जीभ आठवडाभर वळत नव्हती.

लेक तिथे चौथीपर्यंत शिकली. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात अमेरिका हा एकच खंड होता, पार अलास्कापासून दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगोपर्यंत. इथे पाचवीच्या चाचणीत तिने तसेच लिहिले आणि उत्तरावर लाल फुली आली. घरी येऊन दप्तर टाकत म्हणाली, ‘आई, गाव बदललं की खंड पण बदलतो का गं?’ शाळेशी माझे भांडण नाही, इथला अभ्यासक्रम इथल्यासारखा असणार. पण तिला उत्तर द्यायचे म्हणून मी वाचायला बसले.

हे नाव पहिल्यांदा १५०७ साली छापले गेले. आजच्या फ्रान्समधल्या लोरेन प्रांतात सँ-दिए गावी मार्टिन वाल्डझेम्युलर आणि त्याच्या सोबत्यांनी जगाचा नकाशा बारा तावांवर छापला आणि आमेरिगो वेस्पुची या इटालियन दर्यावर्दीवरून ‘अमेरिका’ हा शब्द त्यात घातला. कुठे घातला, तर दक्षिणेकडच्या भूभागावर. आपण आज राहतो त्या जमिनीवर तो नव्हताच. पुढे १५१३ च्या नकाशात वाल्डझेम्युलरने स्वतःच ते नाव गाळून तिथे ‘अज्ञात भूमी’ असे लिहिले, पण शब्द हातून सुटला होता. १५३८ साली मर्केटर या नकाशाकाराने तो उत्तर-दक्षिण दोन्ही भूभागांना लावला.

आणि मेक्सिको? १८१४ साली आपात्सिंगानला तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांनी राज्यघटना केली, तिच्या मथळ्यातच त्यांच्या देशाचे नाव ‘आमेरिका मेहिकाना’, म्हणजे मेक्सिकन अमेरिका, असे आहे. २०२५ च्या जानेवारीत मेक्सिकोच्या आखाताला ‘अमेरिकेचे आखात’ म्हणायचे इथे जाहीर झाले, तेव्हा तिथल्या अध्यक्षा क्लाउदिया शेनबाम यांनी पत्रकारांपुढे १६०७ चा नकाशा मांडून ‘आमेरिका मेहिकाना’ हेच नाव दाखवले. आमच्या घरमालकीणबाईंचा प्रश्न दोनशे वर्षांहून जुना आहे, हे मला तेव्हा कळले.

बोलताना तिथलेही पुष्कळ जण ‘आमेरिकानो’ म्हणून जातात, हे मान्य. शिवाय मेक्सिकोचे अधिकृत नाव ‘मेक्सिकन संयुक्त संस्थाने’ असल्यामुळे बाईंनी शिकवलेला शब्दही अगदी काटेकोर नाही. पण स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा सल्ला स्पष्ट आहे: फक्त या एका देशाच्या माणसासाठी ‘आमेरिकानो’ वापरू नये. बोलणे वेगळे आणि मुखपृष्ठावर छापणे वेगळे. वर ‘आम्ही अमेरिकन’ आणि खाली झेंडा आला की ‘बाकीचे नाहीत’ हे आपण न लिहिताच लिहितो. संपादक मंडळाने कृपया फेरविचार करावा.

मेधा

*

प्रेषक: अण्णा
विषय: उत्तर: दिवाळी अंकाचे नाव

चि. मेधा,

तुझे पत्र दोनदा वाचले. नाव मी सुचवले होते, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवे.

मी इथे आलो १९७१ साली. नागरिकत्वाची शपथ घेतली १९८३ साली. ती न्यायालयाची खोली, लाकडी बाके आणि एका बाकावर आम्ही तिघे, हे चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. माझ्या डावीकडे क्यूबातून आलेले एक वयस्कर गृहस्थ, उजवीकडे व्हिएतनामची पोरगेली मुलगी. हात वर करून शपथ म्हणताना तिचा आवाज फुटेना, तर त्या गृहस्थांनी तिच्या वाटचे शब्द मोठ्याने म्हटले. बाहेर पडताना कागदाचा छोटा झेंडा हातात दिला. तो मी खिशात घातला आणि गाडीत बसल्यावर रडलो. भारताचा पासपोर्ट वकिलातीकडे पाठवला होता, तो रद्दचा शिक्का घेऊन, कोपरा कापून परत आला. सांगलीहून आईचे पत्र आले: ‘म्हणजे आता तू त्यांचा का?’ उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले.

मी आलो त्याच्या आदल्याच वर्षी, १९७० च्या जनगणनेत, आपल्या लोकांना गोऱ्यांत मोजले होते. १९८० च्या कागदावर ‘एशियन इंडियन’ हा चौकोन पहिल्यांदा आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी आणि तुझ्या काकूने तो शाईने भरला. आपल्यातल्या लोकांनी खटपट करून मिळवलेला तो चौकोन होता.

तेव्हा ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आयुष्यभर ऐकलेल्या माणसाला ‘अमेरिकन’ म्हणवून घेण्यात काय वाटते ते तू समजून घे. हा शब्द मला कुणी फुकट दिलेला नाही. इंग्रजीत दुसरा शब्दही नाही. ‘युनायटेड स्टेट्सियन’ असे कोण म्हणते? मेक्सिकोच्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्याकडे ‘मेक्सिकन’ आहे, ब्राझीलवाल्यांकडे ‘ब्राझिलियन’ आहे. माझ्याकडचा एकच शब्द तू काढून घेऊ नकोस.

तुझा,
अण्णा

*

प्रेषक: संजय
विषय: उत्तर: उत्तर: दिवाळी अंकाचे नाव

अण्णांशी मी सहमत आहे. लोक स्वतःला ज्या नावाने हाक मारतात ते त्यांचे नाव, शेजाऱ्याची परवानगी त्याला लागू नये. ग्रीसच्या एका प्रांताचेही तेच नाव, म्हणून त्यांच्या आक्षेपापायी मॅसिडोनियाला १९९३ पासून संयुक्त राष्ट्रसंघात ‘पूर्वीच्या युगोस्लाव्हियातले मॅसिडोनिया प्रजासत्ताक’ अशी पाटी लावून बसावे लागले आणि २०१९ साली शेवटी ‘उत्तर मॅसिडोनिया’ व्हावे लागले. ते मला आजही अन्यायाचे वाटते.

आणि आपले घर बघा. ‘इंडिया’ हे नाव सिंधूवरून आले, आणि सिंधूचा बहुतेक प्रवाह आज पाकिस्तानात आहे. १९४७ साली जिनांनी या नावाला हरकत घेतली होती. त्यांचे म्हणणे असे की सबंध उपखंडाचे नाव एकाच देशाने का घ्यावे. म्हणजे मेधाच्या घरमालकीणबाईंचाच प्रश्न. आपण नाव सोडले का? राज्यघटनेच्या पहिल्या कलमात ‘इंडिया, अर्थात भारत’ अशी दोन्ही नावे बसवली आणि पुढे चाललो. त्यात मला काही चूक दिसत नाही.

संजय

*

प्रेषक: शिल्पा
विषय: उत्तर: दिवाळी अंकाचे नाव

ड्यूटी संपवून लिहिते आहे, थोडक्यात सांगते.

माझ्या वॉर्डातली एक परिचारिका प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटांची आहे. जन्म तिथला, भाऊ इथल्या सैन्यात. तिने मला तिचा पासपोर्ट दाखवला. आपल्यासारखाच निळा, पण मागच्या पानावर छापले आहे की धारक संयुक्त संस्थानांचा ‘नॅशनल’ आहे, नागरिक नाही. १९०० पासून ती बेटे या देशाकडे आहेत, तरी तिथे जन्मून आपोआप नागरिकत्व मिळत नाही. अध्यक्षाच्या निवडणुकीत तिला मत नाही. बेटाच्या नावातच ‘अमेरिकन’ आहे! मी पंधरा वर्षांपूर्वी नागपुराहून आले आणि मत देते.

तिथल्या सगळ्यांनाच नागरिकत्व हवे आहे असेही नाही. आपली जमीन आणि चालीरीती त्यामुळे धोक्यात येतील असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, हे तिनेच सांगितले. अण्णा, तुमच्या शपथेचे वाचून मला आधी तीच आठवली. अंकात तिच्याबद्दल लिहिले तर चालेल का?

शिल्पा

*

प्रेषक: मेधा
विषय: उत्तर: उत्तर: दिवाळी अंकाचे नाव

अण्णा,

तुमचे पत्र वाचून मी तुम्हाला दुखावले हे लक्षात आले. क्षमा करा. तो शब्द तुमच्याकडून काढून घ्यायचा माझ्या मनातही नाही. काढून घेणारे कोण होते ते मला अंकात आलेले हवे आहे.

या देशाचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. तो ‘मुक्त गोऱ्या’ माणसांपुरता होता. मुंबईचे पारशी भिकाजी बालसारा यांना १९१० साली न्यायालयाने त्या व्याख्येत बसू दिले. अमृतसरजवळच्या गावातून आलेले भगतसिंग थिंद १९१८ साली इथल्या सैन्यात होते. त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हा बसत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर इथे आलेले. मग सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही परत घ्यायला सुरुवात केली. पेशावरहून सहकुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला येऊन दुकान थाटलेल्या वैष्णोदास बगाईंनी त्यात दुकान गमावले, नागरिकत्व गमावले, आणि १९२८ साली जीव दिला. त्यांचे शेवटचे पत्र वर्तमानपत्रात छापून आले होते.

थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. ते १९१४ साली नागरिक झालेले, कॅलिफोर्नियात वकिली करणारे. थिंद यांचा खटला हरल्यावर सरकारने पंडितांचेच नागरिकत्व रद्द करायला दावा लावला. त्यांनी न्यायालयाला सांगितले की या नागरिकत्वाच्या भरवशावर मी माझा धंदा उभा केला, लग्न केले. तुम्ही एकदा निर्णय दिलात, आता फिरवू शकत नाही. ते जिंकले. सरकार अपिलातही हरले, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. इतरांवरचे राहिलेले दावे त्यानंतर सरकारने सोडून दिले. या माणसाची गोष्ट आपल्या अंकात गेल्या तीस वर्षांत एकदाही आलेली नाही, मी जुने अंक काढून पाहिले.

आपल्या लोकांना पुन्हा दार उघडले ते १९४६ साली, वर्षाला शंभर जणांपुरते. आज एच-वन या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आपल्यातल्या जोडप्यांना हा जुना इतिहास वाटणार नाही. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने इथे जन्मलेल्या त्यांच्या बाळांचे नागरिकत्वच नाकारले होते. खालच्या न्यायालयांनी तो रोखला, त्याला आधार इथे जन्मेल तो नागरिक असे सांगणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि वाँग किम आर्क यांचा १८९८ चा निकाल. हा निकाल सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या एका चिनी स्वयंपाक्याने लढून मिळवलेला आहे.

संजय, मॅसिडोनियाचे तुझे म्हणणे पटले. मी कुणाला नाव टाकायला सांगत नाही. पण एक फरक आहे. जिनांची हरकत एका देशाची दुसऱ्या देशाला होती. इथे ज्यांची ही भूमी सगळ्यांत आधी होती त्यांना कोलंबसाच्या चुकीपायी ‘इंडियन’ हे नाव मिळाले, आणि आपण आलो तेव्हा आपल्याला ‘एशियन’ जोडून घ्यावे लागले. त्या मूळ लोकांना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली, आणि ॲरिझोना, न्यू मेक्सिकोत मत द्यायला १९४८ उजाडले. निदान आपल्या अंकात ‘रेड इंडियन’ हा शब्द येऊ नये. नाव्हाहो लोक स्वतःला ‘दिने’ म्हणतात, लिहिणाऱ्यांनी तेच लिहावे. लहानपणी आपण वाचलेल्या मराठी पुस्तकांतून तो जुना शब्द आपल्या तोंडात बसला आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

अण्णा, तुमचा पासपोर्ट जरा काढून बघाल? राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात काय छापले आहे ते वाचा. माझी सूचना अशी: नाव तुमचे राहू द्या, झेंडा काढू या, आणि मुखपृष्ठावर वाल्डझेम्युलरचा नकाशा घेऊ या. त्याची उरलेली एकच प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, आणि चित्र त्यांच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात मिळते.

मेधा

*

प्रेषक: अण्णा
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: दिवाळी अंकाचे नाव

चि. मेधा,

पासपोर्ट कपाटातून काढला. चष्मा लावून वाचले. रकान्यात ‘अमेरिकन’ नाही, ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ असे देशाचे पूर्ण नाव आहे. तुझ्या काकूचाही काढला, तेच. सात वेळा परदेशी जाऊन आलो, कधी पाहिले नव्हते.

नकाशाला माझी संमती आहे. मात्र दक्षिणेकडचा तो शब्द मुखपृष्ठावर नीट वाचता आला पाहिजे. घडीत किंवा मंडळाच्या बोधचिन्हाखाली जायला नको. मांडणी करणाऱ्यांना तसे कळव. लायब्ररीचा ऋणनिर्देश पहिल्या पानावर द्यायचा.

पंडितांवर मी लिहितो. निकालाची प्रत तुझ्याकडे असेल तर पाठव, मला छापील कागदावर वाचायला लागते. शिल्पा, तुझ्या मैत्रिणीला आधी विचार आणि तिचे नाव न घालता लिही, दोन पाने ठेवतो. संजय, तू ‘इंडिया, अर्थात भारत’वर लिही, पण जिनांची बाजूही नीट मांड.

आणि मेधा, घरमालकीणबाईंशी अजून बोलणे होत असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग. आपले नाव आणि त्याखाली नकाशा, हे त्यांना चालेल का तेवढे विचार. लेख येण्याची शेवटची तारीख संपादक कळवतीलच.

अण्णा